‘दहा मिनिटांत फेसाळ बिअर’ : एका निरोपाचा समाचार

ओहायोत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात एक मराठी निरोप पुढे पाठवला आणि विचारले, “मामा, यात काही चुकीचे आहे का?” निरोपाचा सारांश असा: घरी आंबवलेली बिअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, भरा, सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडचा ४० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देऊन दहा मिनिटे हलवा आणि प्या, आधी थंड करण्याची गरज नाही, नळातून फार फेस आला तर नळी कापून आखूड करा, केग पाण्याने विसळला तरी पुरे, कारण कार्बन डायऑक्साइड जंतू मारतो, आणि सिलिंडर बंद कोठीत ठेवला, गळती तपासली नाही तरी बिघडत नाही, कारण तो ‘सोड्यातलाच वायू’ आहे आणि घरात गॅसचा अलार्म असतोच. हा निरोप लिहिणाऱ्याने कधी केग भरला असेल, तर तो दार उघडे असलेल्या गॅरेजमध्ये भरला असावा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण भाच्याने सिलिंडर खरोखरच कोठीत ठेवला होता. नवशिक्यांकडे असतो तसा पाच पौंडांचा तो सिलिंडर पूर्ण रिकामा झाला, तर सुमारे ४४ घनफूट वायू बाहेर पडतो. भाच्याची कोठी सहा फूट रुंद, आठ फूट लांब आणि आठ फूट उंच, म्हणजे ३८४ घनफुटांची आहे. म्हणजे कोठीतल्या हवेत या वायूचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास जाते. कामगारांच्या आरोग्याचे संशोधन करणारी अमेरिकेची सरकारी संस्था ‘नायॉश’ चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ४०,००० भाग), ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानते. दहा टक्क्यांच्या वर माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. गळती अगदी संथ असेल आणि दाराखालून हवा खेळत असेल, तर प्रमाण इतके चढणार नाही, हे मान्य; पण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो, त्याला वासही नसतो, आणि ज्या अलार्मच्या भरवशावर हा सल्ला दिला आहे तो बहुतेक घरांत कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला कार्बन डायऑक्साइड कळतच नाही. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि दोन मिनिटे वाचवण्यासाठी कोणी असला सल्ला वाटत फिरावे, याचे मला नवल वाटते.

हलवण्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने देतो. हलवल्याने बिअर आणि वायू यांचा संपर्क वाढतो व वायू लवकर विरघळतो. मुरलेली मंडळी हे करतातही. पण ३ अंश सेल्सियसला ४० पीएसआय दाब कायम राहिला, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या पाचपट वायू मुरू शकतो, आणि गरज असते साधारण अडीचपटाची. कुठे थांबायचे हे नवशिक्याला कानाने वा हाताने कळत नाही. त्याने बिअर आधी थंड करावी, सिलिंडरच्या तोंडावरचा, दाब ठरवणारा रेग्युलेटर १२ पीएसआयवर ठेवावा आणि दीडदोन आठवडे वाट पाहावी. घाईच असेल, तर थंड केगला ३० पीएसआयवर एक दिवस ठेवून, जादा दाब सोडून, १२ वर यावे. थंड करण्याची गरज नाही म्हणणाऱ्याने एवढेच पाहावे, की २१ अंशांना त्याच १२ पीएसआयवर जेमतेम दीडपट वायू मुरतो.

नळी कापण्याचा सल्ला तर नेमका उलटा आहे. नळीतील घर्षणाने दाब हळूहळू उतरतो, म्हणून बिअर शांतपणे पेल्यात येते. नळी आखूड केली की फेस वाढतो. ३/१६ इंच आतील व्यासाची दहा फूट नळी १२ पीएसआयला बहुधा पुरते.

राहता राहिले जंतू. बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जंतूंना ऑक्सिजनची गरज नसते, त्यामुळे वायूच्या भरवशावर त्यांचे फावते. केग, झाकण, आतली लांब नळी आणि रबरी कड्या सुट्या करून धुवाव्यात व निर्जंतुक कराव्यात.

भाच्याने सिलिंडर आता बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवला आहे. आडवा मात्र त्याने कधीही ठेवू नये, कारण मग द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. हे त्या निरोपात सांगितलेलेच नाही.