एलियासिंगची वॉर्निंग बंद करू नका

फोरट्रान शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘एकच व्हेरिएबल सबरूटीनच्या दोन अर्ग्युमेंट्सना दिलं की जीफोरट्रान हा कंपायलर खोटी वॉर्निंग देतो. उत्तर बरोबर येतं, तेव्हा ती बंद करा.’ हा सल्ला घातक आहे. एकाच जागेला अशी दोन नावं मिळणं म्हणजे एलियासिंग.

‘भाषेत याला मनाई नाही.’ आहे. दोन डमी अर्ग्युमेंट्स (सबरूटीनच्या आतली अर्ग्युमेंट्सची नावं) एकाच जागेला जोडली गेली आणि एकातून तिथली किंमत बदलली, तर प्रोग्राम नियमबाह्य ठरतो. फोरट्रान 77 मध्येही हाच नियम होता. दोन्ही नुसती वाचायची असतील तर हरकत नाही. वॉर्निंग येते ती इंटेंट(इन), म्हणजे फक्त वाचायचं, आणि इंटेंट(आउट), म्हणजे उत्तर लिहायचं, अशा दोघांना एकच व्हेरिएबल मिळाल्यावर.

‘माझं उत्तर बरोबर येतं.’ आज येतं. समजा ‘क्ष’ या ऍरेत 4, 8, 12 आहेत. सबरूटीन लूपमध्ये प्रत्येक घटकाला भाजकाने भागतं आणि भाजक म्हणून तुम्ही क्ष(1) दिलात. पहिल्याच फेरीत क्ष(1) चा 1 होतो. कंपायलरने भाजकाचे 4 प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून ठेवले असतील तर 1, 2, 3 मिळतात. दर फेरीला मेमरीतून वाचले तर 1, 8, 12. त्याला दोन्हींची मुभा आहे, म्हणून ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की उत्तर बदलू शकतं. आणि इथे क्ष इनआउट (वाचायचा आणि बदलायचाही) असल्याने वॉर्निंग येतच नाही! तक्रार करायचीच तर ती फार कमी वेळा बोलते, अशी करा.

इंटेंट(आउट) डमी ऍलोकेटेबल (प्रोग्राम चालताना मेमरी मिळणारा) असेल तर आणखी वाईट. सबरूटीनमध्ये शिरतानाच तो ऍरे डीऍलोकेट होतो; दुसऱ्या अर्ग्युमेंटमधून वाचायला काही उरतच नाही.

‘सीमध्ये तर चालतं.’ सीचा कंपायलर पॉइंटर एकाच जागी असतील अशी शक्यता धरून चालतो. तसं नसल्याची हमी सी99 पासून ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून द्यावी लागते. फोरट्रानमध्ये ती हमी प्रत्येक कॉलमध्ये आपोआप दिलेली असते आणि त्याच्या वेगाचा मोठा भाग तिच्यावरच उभा आहे. एमपीआय या प्रोसेसेसमध्ये डेटाची देवाणघेवाण करण्याच्या मानकातही पाठवायचा आणि घ्यायचा बफर एकच देता येत नाही. त्यासाठी ‘एमपीआय_इन_प्लेस’ आहे.

डमीला ‘व्हॅल्यू’ हा गुणधर्म असेल तर व्हेरिएबलची प्रत जाते. तिथे वॉर्निंग आलीच तर ती खुशाल खोटी म्हणा. एरवी वाचायच्या अर्ग्युमेंटला जादा कंस घाला, म्हणजे व्हेरिएबलऐवजी त्याची किंमत जाते. ऍरे मोठा असेल तर ही प्रत महाग पडते. तेव्हा सबरूटीनच एका इनआउट अर्ग्युमेंटचं करा.