एक पडदा, एक सिनेमा

महाराष्ट्रात एकपडदा थिएटर बंद पडलं की चर्चा ठरलेली: ओटीटीने मारलं, मल्टिप्लेक्सने मारलं, करांनी मारलं. मालकांची मागणीही ठरलेली: जुनं थिएटर पाडलं तर एक तृतीयांश आसनांचं चित्रपटगृह नव्या इमारतीत ठेवायची अट काढा. इथं अमेरिकेतल्या छोट्या गावांची थिएटरं पाहिली की वाटतं, भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय.

रिळांच्या काळात धंदा ऑपरेटरच्या हातावर चालायचा. मिनिटाला 90 फूट फिल्म, म्हणजे 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत खलास. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पहिल्या मशीनची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. चुकलं की पांढरा पडदा आणि शिट्ट्या.

डिजिटलने ते संपवलं. इथं एका पडद्यामागे साठ-सत्तर हजार डॉलर लागले. गावोगावी वर्गण्या निघाल्या. आपल्याकडे 2005 पासून यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून स्वस्तातली सोय केली. तेव्हा तंत्राला फार दोष देता येत नाही.

खरी गोम वितरकाच्या अटींत आहे. बडा सिनेमा हवा तर दोन-तीन आठवडे सगळे खेळ त्याचेच. छोट्या गावात ज्यांना बघायचाय ते रविवारपर्यंत बघून मोकळे होतात. पुढे रिकाम्या खुर्च्यांपुढे मशीन चालतं. तिकिटाचा निम्मा-अधिक पैसा वितरकाचा, मालक जगतो पॉपकॉर्नवर, आणि माणसंच नसतील तर पॉपकॉर्न कोण घेणार? आपल्याकडे 2012च्या दिवाळीत अशाच अटींचं भांडण स्पर्धा आयोगापर्यंत गेलं होतं. मराठी सिनेमासाठी 2015 साली निघालेला प्राइम टाइमचा आदेश मल्टिप्लेक्सपुरता; एकाच पडद्यावर खेळ वाटायचे तरी कसे?

मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचं स्टेट थिएटर 2007 पासून ना-नफा संस्था चालवते, डोअरकीपर स्वयंसेवक. पण ते पर्यटकांचं गाव. त्याची नक्कल तालुक्याच्या गावी चालेल असं मला वाटत नाही.

म्हणून अट राहू द्या, पण ती नीट वापरा. 750 आसनांचे 250 उरतील; त्यांचा एकच हॉल केलात तर पुन्हा तोच सापळा. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचे तीन करा. तिकीट खिडकी एक, कॅन्टीन एक, सिनेमे तीन. आणि जिथं जुनीच इमारत ठेवायचीय तिथं मधोमध पातळ भिंत घालू नका. सत्तरच्या दशकात इथल्या कित्येक मालकांनी तेच केलं: शेजारच्या हाणामारीचा धडधडाट प्रेमप्रसंगात ऐकू यायचा आणि खुर्च्या जुन्या पडद्याच्या मध्याकडेच वळलेल्या, त्यामुळे सिनेमाभर मान वाकडी.