शोषखड्डा दुसऱ्यांदा खणला तेव्हा

चार वर्षं मी आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. विद्यार्थी घडवणं म्हणजे काय, याबद्दलचं माझं मत एका शोषखड्ड्याने बदललं.

दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर होतं. हातपंपाचं सांडपाणी रस्त्यावर यायचं, म्हणून मुलांनी ते जमिनीत मुरवणारा शोषखड्डा खणायला घेतला. तळाला मोठे दगड, वर लहान, मग खडी, आणि तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं. त्यात नारळाचा काथ्या भरायचा, म्हणजे गाळ तिथेच अडतो. पण समारोपाची घाई झाली. पाहुणे यायचे होते, फोटो काढायचे होते. मडकं राहून गेलं. मला ते दिसत होतं. योजनेत ठरवून दिलेले सगळ्यांचे सेवेचे तास भरले होते, मी बोललो नाही.

दीड महिन्याने अहवालावर सही घ्यायला दोन विद्यार्थ्यांना घेऊन गावात गेलो. खड्डा तुंबलेला, वर हिरवं पाणी, त्यावर डास. पाणी भरायला आलेल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "पोरांनो, आधी पाणी वाहून तरी जायचं."

परतीच्या एसटीत दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी नऊ जण आले, स्वतःच्या पैशाने. हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही. खड्डा उपसला, एकेक दगड धुतला, पुन्हा रचला. मडकं आजींनीच घरातून आणून दिलं. शिबिरातल्या सात दिवसांत मी जे शिकवू शकलो नाही, ते त्या एका दिवसात मुलं शिकली, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती आणली. विद्यार्थ्याने समाजात जाऊन काम करावं आणि त्यातून स्वतः घडावं, हा तिचा गाभा. आज आमच्या हातात उरलेत दोन वर्षांचे २४० तास. तास मोजायला सोपे, म्हणून आम्ही तेच मोजतो. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे अशा कामाला श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात. मिळू देत, माझी तक्रार नाही. फक्त श्रेयांक देताना काम टिकलं का, हे कुणीतरी जाऊन बघावं.

आणि मुलांवर खरी जबाबदारी टाका. ६१व्या घटनादुरुस्तीने अठराव्या वर्षी मताचा हक्क दिला, पण त्याच वयाच्या मुलांच्या हाती आपण शिबिराच्या शिध्याचा हिशेबही देत नाही. द्या. चुकतील, पैसे कमी पडतील, मग आपापसात भांडून मार्ग काढतील. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्यांना मागे बसवा. रस्ता आधी कुठल्या वस्तीला, यावरून गाव कसं वाद घालतं ते ऐकू द्या. माझ्या वर्गातल्या कित्येकांनी पदवी घेतली, पण एकही ग्रामसभा पाहिली नव्हती.

यंदा शिबिर घेणाऱ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. समारोपाची तारीख ठरवाल, तेव्हाच परत जायचीही ठरवा. एकदा दोन महिन्यांनी, एकदा पावसाळ्यानंतर. आमचा पावसाळा संपला तेव्हा त्या नऊ जणांतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली होती. "सर, काथ्या बदलायला कधी जायचं?"