विमानाला दया येत नाही

जेसिका कॉक्सचा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. जन्मापासून दोन्ही हात नसलेली अमेरिकन बाई पायांनी विमान चालवते. खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग आणि ‘देवाने सगळं देऊनही आपण रडत बसतो’ छापाच्या कॉमेंटा. मी व्हीलचेअर वापरते, त्यामुळे हा व्हिडिओ मला अधूनमधून कुणीतरी ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून पाठवतंच. आता राग येत नाही. फक्त वाटतं की त्यात बघण्यासारखं जे आहे ते कुणी बघतच नाही. ते म्हणजे तिचं विमान.

नेहमीच्या छोट्या विमानात हातात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग असतं आणि पायाखाली रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची दोन पेडलं. वळण्यासाठी विमान कलवलं की वर जाणाऱ्या पंखाला हवा जास्त अडवते आणि नाक भलत्याच बाजूला ओढलं जातं. ते सावरायला रडर. म्हणजे हात आणि पाय दोन्ही कामाला. जेसिका चालवते ते एरकूप. फ्रेड वीक नावाच्या इंजिनिअरने 1930 च्या दशकात त्याचा आराखडा केला तो सर्वसाधारण माणसाला विमान सोपं आणि सुरक्षित व्हावं, गरगरत खाली येऊ नये म्हणून. त्याने रडर सरळ योकलाच जोडून टाकला आणि पेडलांची गरजच संपवली. अपंगांसाठी म्हणून ते विमान जन्माला आलं नव्हतं. पण पेडलं गेली म्हणून 2008 मध्ये जेसिकाला एक पाय योकवर आणि दुसरा थ्रॉटलवर (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर) ठेवून पायलटचं सर्टिफिकेट मिळवता आलं. तिची जिद्द आहेच, वादच नाही. पण जिद्दीने पेडलं निघत नाहीत, ती कुणीतरी काढावी लागतात.

उड्डाणामुळे अपंग माणसाला बळ मिळतं असं मीही म्हणते, अगदी ठामपणे. पण ते बळ ढगांतून, निळ्या आभाळातून, ‘पंख फुटले’मधून येत नाही. ते येतं ते कुणीतरी खरीखुरी जबाबदारी हातात देतं त्यातून. सोयी वेगळ्या, परीक्षा तीच. असं आमच्या वाट्याला फार कमी येतं. एरवी एक तर परीक्षाच नाही, नाहीतर सोयच नाही.

थोडं माझं सांगते. माझा पहिला धडा पायपर पीए-28 मध्ये झाला. या विमानाचे पंख खाली, दार एकच, तेही उजव्या बाजूला पंखावर. म्हणजे आधी खुर्चीतून पंखाच्या मागच्या कडेवर बसायचं, मग उलटं तोंड करून हातांच्या जोरावर बूड सरकवत वर दारापर्यंत जायचं, तिथून उजव्या सीटवरून डाव्या सीटवर. पाय मागून हातांनी उचलून आत घ्यायचे आणि पट्ट्याने बांधायचे, मधेच झटका येऊन पेडलांत अडकायला नकोत. डौलदार प्रकार मुळीच नाही. पेडलांना एक दांडा जोडलेला असतो, तो पुढे-मागे केला की रडर हलतो. ब्रेकसाठी हाताने ओढायचा दांडा या विमानात मुळातच असतो, म्हणून आमच्यासारख्यांना ते सोयीचं. उतरताना मात्र गंमत होते. योक मागे, थ्रॉटल बंद, रडर सरळ, अशी तीन कामं एकदम येतात आणि हात दोनच. कोणतं काम कधी उरकायचं याचा क्रम बसेपर्यंत घाम फुटतो.

वर गेल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाले, “यू हॅव कंट्रोल.” यावर आपण “आय हॅव कंट्रोल” म्हणायचं, मग ते पुन्हा “यू हॅव कंट्रोल” म्हणतात आणि हात काढून घेतात. हा वैमानिकांचा जगभरचा रिवाज. विमान नेमकं कुणाच्या हातात आहे याबद्दल क्षणभरही गोंधळ नको म्हणून तोंडाने बोलूनच ताबा द्यायचा आणि बोलूनच घ्यायचा.

ज्यांची खुर्ची अनोळखी हात न विचारता ढकलतात त्यांनाच कळेल की हे ऐकून मला काय झालं. रस्त्यात, लग्नात, दवाखान्यात ‘थांब गं, मी नेते’ म्हणत लोक माझी दिशाच बदलतात. प्रेमानेच करतात, पण विचारत नाहीत. आणि इथे एक माणूस, ज्याचा स्वतःचा जीव त्याच विमानात बसलेला, मी हो म्हटल्याशिवाय सोडत नाही आणि सोडल्यावर मधे हात घालत नाही. नाक खाली जायला लागलं. “नाक खाली जातंय. बघा तुम्ही,” एवढंच म्हणाले. पुढे वळण घेताना रडर विसरले तर चक्क ओरडले, “बॉल कुठे चाललाय? बॉल बघा, मॅडम!” (हा बॉल म्हणजे समोरच्या पॅनेलवर वाकड्या नळीतली एक गोळी. ती मधे नसेल तर विमान तिरकं घसरतंय.) अपघात झाल्यापासून माझ्यावर कुणी धड ओरडलंच नव्हतं. सगळे सांभाळून बोलतात. मला त्या ओरडण्याचा इतका आनंद झाला की बॉल आणखीनच भरकटला.

रेडिओवरही तेच. टॉवरला तुमचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, आणि आवाज तेवढा कळतो. ते वाऱ्याची दिशा सांगतात, रनवे सांगतात, पुढच्याला बोलवतात. तसंही कॉकपिटमध्ये सगळे बसलेलेच असतात. चालत कुणीच नाही.

‘पण हे सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या एफएएकडे, म्हणजे तिथल्या हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, यावर मला फार आवडणारी एक पद्धत आहे, स्टेटमेंट ऑफ डेमॉन्स्ट्रेटेड ॲबिलिटी, म्हणजे सोडा. व्यंग वाढत जाणारं नसेल तर उमेदवाराने तपासणाऱ्यासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. जमलं तर परवानगी, लागतील त्या अटींसह. नाही जमलं तर नाही. कागदावरचं निदान वाचून ‘तुम्हाला झेपायचं नाही’ म्हणायचं नाही. नोकरीच्या मुलाखतीतही असं कुणी करेल तर बरं होईल, पण तो वेगळा विषय.

नियम कसे वाकतात हे बघायचं तर डग्लस बेडर बघा. ब्रिटिश हवाईदलातला हा पोरगा 1931 मध्ये जमिनीलगत कसरत करताना कोसळला आणि दोन्ही पाय गमावून बसला. वय 21. कृत्रिम पाय लावून तो पुन्हा विमान चालवायला लागला, पण तुमच्यासारख्याबद्दल नियमावलीत काही लिहिलेलंच नाही असं सांगून 1933 मध्ये त्याला घरी पाठवलं. 1939 मध्ये युद्ध लागलं, पायलट कमी पडायला लागले, आणि तोच माणूस त्याच पायांनी पुन्हा लढाऊ विमानात जाऊन बसला. बेडर हेकट आणि उद्धट होता म्हणतात. असेना का, अपंगाने गोड असलंच पाहिजे असं थोडंच आहे? तिकडे सोव्हिएत हवाईदलाच्या अलेक्सेई मारेस्येव्हचं 1942 मध्ये विमान पडलं, अठरा दिवस तो बर्फातून सरपटत आपल्या हद्दीत पोचला, दोन्ही पाय कापावे लागले, आणि 1943 मध्ये पुन्हा लढाईत उतरला. गरज सरकारची असली की पाय लागत नाहीत. आपली असली की लागतात.

आणि माझी सगळ्यात लाडकी हकीकत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजमधल्या 11 कर्णबधिर पुरुषांना प्रयोगासाठी निवडलं. त्यांतल्या दहा जणांची श्रवणशक्ती लहानपणीच्या मेंदूज्वराने गेली होती, आणि तिच्यासोबत कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणाही. त्यामुळे त्यांना गरगरल्याने मळमळतच नसे. अंतराळात माणसाच्या शरीराचं काय होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून यांना गोल फिरणाऱ्या खोलीत दिवसचे दिवस ठेवलं, विमानातून वजनरहित अवस्थेत नेलं. एकदा खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं तर हे निवांत पत्ते खेळत बसले आणि तपासायला आलेले शास्त्रज्ञच उलट्या करून आडवे झाले. प्रयोग रद्द. त्या बोटीवर अपंग कोण होतं, सांगा बघू. यांच्या शरीरांवरून शिकलेलं सगळं कामी आलं, अंतराळवीर मात्र यांच्यातून कुणाला केलं नाही. एक पाय गमावलेल्या जॉन मॅकफॉलला युरोपियन स्पेस एजन्सीने निवडलं ते थेट 2022 मध्ये.

माइल्स हिल्टन-बार्बर हा पूर्ण अंध माणूस 2007 मध्ये मायक्रोलाइट नावाच्या अगदी हलक्या विमानाने लंडनहून सिडनीला गेला, बोलून आकडे सांगणारी उपकरणं आणि शेजारी डोळस सहवैमानिक घेऊन. ‘मग खरं चालवलं कुणी?’ असं कुणीतरी विचारतंच. मोठ्या प्रवासी विमानातही पुढे दोघं असतात, तिथे नाही कुणी हे विचारत.

आता दुसरी बाजू. हीच मी प्रवासी म्हणून विमानतळावर गेले की सामान होते. अरुंद खुर्चीला पट्ट्यांनी बांधून मला आत नेतात आणि विचारतात कुणाला, तर माझ्या भावाला: “यांना उभं राहता येतं का?” माझी खुर्ची विमानाच्या पोटात, सामानात टाकतात. एकदा तिचं पुढचं चाक वाकून परत आलं आणि काउंटरवरच्या मुलीने मला फॉर्म दिला. जणू बॅगेचं हँडल तुटलंय. हे एकटीचं रडगाणं नाही. नुसत्या अमेरिकेत 2023 मध्ये विमान कंपन्यांनी खराब केलेल्या, हरवलेल्या किंवा उशिरा दिलेल्या व्हीलचेअर आणि स्कूटर 11,000 हून जास्त होत्या. विमान चालवायला जिच्यावर विश्वास ठेवता येतो तिला सीटपर्यंत माणसासारखं नेता येत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

म्हणूनच रनवेवर एकटी ठेवलेली व्हीलचेअर आणि वर उडणारं विमान, असले फोटो मला आवडत नाहीत. खुर्ची म्हणजे तुरुंग आणि आकाश म्हणजे सुटका, असं त्यात सुचवायचं असतं. अहो, त्या खुर्चीनेच मला विमानापर्यंत आणलं. उतरल्यावर ती जागेवर नसेल तर माझी पंचाईत होईल.

प्रत्येक अपंगाने उडावंच असं माझं म्हणणं नाही. उंचीची भीती वाटत असेल तर खुशाल जमिनीवर राहा. शिवाय हा छंद भयंकर महाग आहे. बेडरच्या स्मरणार्थ 1983 पासून ब्रिटनमध्ये अपंगांना उड्डाण शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळतात, अमेरिकेत एबल फ्लाइट ही संस्था 2006 पासून तेच करते, पण जागा मोजक्या. ज्यांना परवाना मिळणारच नाही अशा आजारांचे लोकही आहेत, त्यांना ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ ऐकवू नये. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना अर्धा तास ताबा घेणं त्यांच्यातल्या अनेकांना जमू शकतं, आणि त्या अर्ध्या तासाला कमी लेखायचं कारण नाही.

फ्लाइंग क्लब चालवणारं कुणी हे वाचत असेल तर एकच विनंती. वर्षातून एकदा आम्हाला बोलावून, टोप्या वाटून, फोटो काढून परत पाठवू नका. त्या खर्चात एका विमानाला हाताचा रडर बसवा आणि तो चालवायला एका इन्स्ट्रक्टरला शिकवा. ब्रीफिंगची खोली तळमजल्यावर आणा. आणि टॉयलेटचं दार एकदा टेपने मोजा, बहुतेक ठिकाणी तिथेच अडतं.