टस्कीगीत रोग टोचला नव्हता, उपचार अडवले होते

‘१९३२ साली अमेरिकी सरकारने ६०० कृष्णवर्णीयांना सिफिलिसचे जंतू टोचले, ४० वर्षं कुणालाही पत्ता लागू दिला नाही; म्हणून सरकारी सुई नकोच,’ असा मेसेज सतत फिरत असतो. सोबत दंडात सुई घातलेला कृष्णधवल फोटो असतो. अमेरिकेतल्या टस्कीगी गावात सार्वजनिक आरोग्य सेवेने केलेला हा प्रयोग खरा आहे, पण मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी तपासायला हव्यात.

‘जंतू टोचले.’ नाही. अलाबामाच्या मेकन काउंटीतल्या या पुरुषांपैकी ३९९ जणांना आधीच सिफिलिस झालेला होता, २०१ जण तुलनेसाठी घेतलेले निरोगी होते. डॉक्टरांना जुना, सुप्तावस्थेत गेलेला रोगच पाहायचा होता. नव्याने लागण करून त्यांचं काही साधणार नव्हतं. फोटोतल्या सुईने रक्त काढलं जात आहे. मुद्दाम लागण केली गेली ती ग्वातेमालात, १९४६ ते १९४८ दरम्यान, कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना. तीही अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनेच. बहुधा या दोन प्रकरणांची सरमिसळ होते.

‘कुणालाही पत्ता नव्हता.’ १९३६ पासून या अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते. अंधारात होते ते फक्त रुग्ण. त्यांना ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. सुरुवातीला आर्सेनिक आणि पाऱ्याची थोडीफार औषधं दिली, तीही रोग बरा होणार नाही इतक्या कमी मात्रेत. पुढे ॲस्पिरिन आणि टॉनिकवर बोळवण. १९३३ मध्ये पत्रं गेली: खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे, चुकवू नका. प्रत्यक्षात कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाठीतलं पाणी तपासणीसाठी काढलं. ते पाणी सुईच्या छिद्रातून पाझरत राहिलं तर माणसाला उठून बसलं तरी डोकं फोडणारी वेदना होते, ती कित्येक दिवस टिकते. हा उपचार नव्हताच, आणि आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात निर्दय फसवणूक हीच. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला परवानगी मिळावी म्हणून अंत्यविधीचा खर्च देऊ केला होता.

‘म्हणून सुई नकोच.’ इथे मेसेज सरळ उलटा जातो. १९४० चं दशक सरेपर्यंत पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा रुळलेला उपचार झाला होता. या माणसांना नेमकी तीच सुई मिळू दिली नाही. त्याआधी, युद्धकाळात, सैन्यभरतीच्या तपासणीत रोग सापडलेल्यांना उपचाराचे आदेश आले, तेव्हा आरोग्य सेवेने आपल्या यादीतल्यांना त्यातून वगळून घेतलं. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ पासून तक्रारी केल्या. तरी १९६९ मध्ये तज्ज्ञांच्या बैठकीत अभ्यास चालू ठेवायचं ठरलं. जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली, मगच तो थांबला.

त्यामुळे औषधाच्या एखाद्या चाचणीत नाव घालण्याआधी संमतीपत्रकात हे शोधा: सध्या या आजारावर कोणता उपचार उपलब्ध आहे, चाचणीत तो मिळणार की थांबवणार, आणि मधेच बाहेर पडलं तर नेहमीचे उपचार चालू राहणार का. उत्तर लेखी नसेल तर सही करू नका.