बंबाची झडप बंद केली की लाकूड निम्मं लागते? नाही ना भाऊ

थंडी पडली की दरवर्षी बंबाचा, मंजे लाकडावर पाणी तापवायच्या टाकीचा, तोच मेसेज फिरते. यंदा मला तीन ग्रुपवर आला, त्यातल्या एकात तं माझ्या साळ्यानंच टाकला, नागपूरले राहते तो, अन् खाली लिहिलं "भाऊजी तुमच्या कामाचं हाय". मेसेज लांबलचक आहे, हात जोडलेले अन् गुलाबाची फुलं सोडून मुद्दे पाचच:

बंबाच्या किंवा पत्र्याच्या चुलीच्या हवेच्या झडपीची निगा घरीच राखा, मिस्त्रीची गरज नाही. एक, आग पेटली की झडप बंद करा, निम्म्या लाकडात पाणी तापते. दोन, झडप अडकली तर गोडेतेल सोडा. तीन, काजळी काढायला आगीत मूठभर मीठ टाका. चार, फटी एम-सीलनं बुजवा. पाच, रात्री इंगळ असतानाच झडप बंद करून बंब खोलीत घ्या, सकाळपर्यंत ऊब राहते.

मी काही मिस्त्री नाही, शेती करतो, पण आमच्या घरचा अन् गल्लीतल्या चार-पाच घरचे बंब दिवाळीच्या आधी मीच उघडून साफ करतो, त्यामुळं आतून काय होते ते पाहिलेलं आहे. घरी निगा राखा, हे मेसेजचं म्हणणं बरोबर आहे, पुढचं जवळपास सगळं गडबड आहे.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या चारानं बंब खराब होते, याच्यानं माणूस मरते.

डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडं पारा 7-8 अंशांवर येते, कवेलूच्या घरात रात्री हाडं वाजतात, मंजे ऊब पाहिजे हे मलाही समजते. पण इंगळाचा धूर दिसत नाही याचा अर्थ त्यातून काही निघत नाही असा नाही. लाल इंगळावर छोट्या निळ्या ज्वाला नाचताना पाहिल्या असतील ना, तो कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू जळताना दिसते. हवा आहे तोपर्यंत तो बराचसा तिथंच जळून जाते. झडप बंद केली की निळी ज्वाला विझते, वायू निघणं मात्र चालूच राहते, अन् आता न जळता तो खोलीत येते. त्याला रंग नाही, वास नाही, खोकलासुद्धा येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरते, डोकं दुखते, मळमळते, गुंगी येते, अन् झोपलेल्या माणसाला तं गुंगी आलेलीही समजत नाही. लोक म्हणतात आमच्या दाराला खाली फट आहे, अरे पण त्याच फटीत थंडी लागते म्हणून पोतं कोंबता ना तुम्ही. बंब, शेगडी, घमेल्यातले इंगळ, काहीच झोपायच्या खोलीत नेऊ नका. असं बसून कोणाचं डोकं दुखायला लागलं तं बामची बाटली शोधत बसू नका, पहिले त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा अन् सरळ दवाखान्यात न्या.

आता पहिला मुद्दा, हा सगळ्यात जास्त पटते लोकांना कारण डोळ्यांनी दिसते. झडप लावली की आग मंद होते, लाकूड जास्त वेळ टिकते, मंजे बचत झाली. लाकूड टिकलं हे खरं आहे. पाणी किती तापलं ते कोणी पाहत नाही.

एक प्रयोग करा, फुकट आहे. सुकी तुराटी, मंजे तुरीची काडी, पेटवा अन् नीट पहा, ज्वाला काडीला चिकटून नसते, थोडी वर अधांतरी असते. आता फुंकून विझवा, पांढरा धूर निघंल, त्या धुरालाच जळती काडी लावा, जमलं तं धूरच पेटते अन् ज्वाला परत तुराटीवर उतरते. मंजे जळते ते लाकूड नाही, लाकडातून निघालेला वायू जळते. सुक्या लाकडाच्या वजनातला 75-80 टक्के भाग असा वायू होऊन निघते, कोळसा होते तो उरलेला. तुम्ही झडप बंद करता तेव्हा लाकूड गरमच असते, वायू सोडतच राहते, फक्त त्याला जळायला हवा नसते. तो तसाच वरच्या नळ्यातून, मंजे बंबाच्या मधल्या धुराड्यातून, धूर होऊन जाते. लाकडातली अर्ध्याहून जास्त उष्णता ज्या वायूत आहे तोच तुम्ही टिनावरून उडवून देता अन् म्हणता बचत झाली.

एक किलो लाकूड पूर्ण जळायला साधारण 6 किलो हवा लागते, जागेच्या हिशेबानं 5 घनमीटर, मंजे आपल्या लोखंडी अलमाऱ्या असतात ना तशा पाच-सहा भरून. एवढी हवा त्या चार बोटांच्या झडपीतून जायची आहे.

पण एक गोष्ट मेसेजवाल्याची अर्धी खरी आहे अन् ती मी नाकारत नाही. झडप सताड उघडी ठेवली तरी नुकसानच आहे, कारण जास्तीची गार हवा आतली उष्णता घेऊन नळ्यातून वर निघून जाते. हिशेब करून पहा, 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला साधारण 2500 किलोज्यूल लागतात, अन् एक किलो सुकं लाकूड 15000 च्या आसपास देते. सगळी उष्णता पाण्यातच गेली असती तं 170 ग्रॅम लाकडात काम झालं असतं, मंजे बाभळीचं एक छोटं ढलपं. आपण जाळतो किती? वजन करून पहा एक दिवस, लाज वाटते. मंजे बचतीला जागा भरपूर आहे, ती झडप बंद करून मिळत नाही, नेमकी ठेवून मिळते.

नेमकी मंजे कशी, तं पेटवताना पूर्ण उघडी, सात-आठ मिनिटं हातच लावायचा नाही. ज्वाला धरली, वरचा धूर जवळपास दिसेनासा झाला की थोडी थोडी लोटत जायची, अन् नळ्यातून परत धूर दिसायला लागला की दोन सूत मागं घ्यायची. तिथंच ठेवायची. ही जागा रोज सारखी नसते, पऱ्हाटी, मंजे कपाशीच्या काड्या, भसकन जळते अन् खूप हवा मागते, बाभळीचा ओंडका सावकाश जळते, त्याला कमी पुरते. ओलं लाकूड असंल तं कुठंच जागा सापडणार नाही, आधी त्यातलं पाणीच उडवत बसावं लागते. (पऱ्हाटीवरून आठवलं, उन्हाळाभर घराजवळ गंजी रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दबून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. जाळायची तं लवकर जाळून संपवा.)

बंबाचं अजून एक आहे जे चुलीचं नाही. चुलीची भिंत तापून लाल होते, बंबाच्या नळ्याच्या दुसऱ्या बाजूला पाणी असते, तो पत्रा शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. मंजे न जळलेला धूर त्या गार पत्र्याला लागला की तिथंच डांबरासारखा चिकटते. थराच्या मागून पाण्याला उष्णता पोचत नाही, मग अजून लाकूड घाला. हे मला पुस्तकातून नाही समजलं, आई म्हणे "कायले झाकतं रे ते, तुया आजोबानं कधी झाकलं नाही, बंब खोकलते झाकला की". अन् खरंच, झाकला की खालच्या दारातून धूर भसभस बाहेर येते, खोकलल्यासारखाच.

तेल. हे मी स्वतः केलेलं आहे त्यामुळं कोणाला हसत नाही. झडप अडकली होती, जवसाचं तेल सोडलं, मस्त सरकली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अशी बसली की हातोडीनं काढावी लागली. जुन्या कढईच्या बुडाला बाहेरून तो पिवळा-काळा थर असते ना जो घासून निघत नाही, ते तापलेलं तेलच आहे, झडपीच्या खाचेत तेच झालं. त्यात राखड चिकटली अन् सिमेंट तयार. जळकं ऑइल टाकलं तं तेच, वरून वास अन् पेटायची भीती.

खरं तं झडप दोनच कारणानं अडकते, राखड अन् जंग. राखडीत क्षार असतात, पावसाळ्यात ती ओल ओढून घेते अन् लोखंडाला चावते. म्हणून मृगाच्या आधी बंब पूर्ण रिकामा करून खालची जागा कोरड्या कापडानं पुसून ठेवायची, ओल्यानं धुवायची नाही. अडकलेलीच असंल तं बंब गार असताना झडपीची पत्री बाहेर काढा, खाच जुन्या करवतीच्या पानानं खरवडा, काठ कानशीनं घासा. खाचेत थोडी ढील राहू द्या, एक फूट लोखंडी पत्रा 300 अंशांनी तापला की जवळपास एक मिलिमीटर वाढते, गारेगार असताना जी झडप एकदम फिट बसते ती गरम झाल्यावर हटकून अडकते. वेल्डिंगवाले ही ढील ठेवत नाहीत अन् आपल्याला वाटते काय सफाईचं काम केलं. शेवटी पोराची पेन्सिल घ्या, जितकी काळी तितकी चांगली, खाचेत दोन्ही बाजूंनी घासा. आपण त्याला शिसं म्हणतो पण ते ग्रॅफाइट असते, झडपीजवळच्या उष्णतेत ते जळत नाही, चिकट होत नाही.

मिठाचं लवकर संपवतो. मीठ टाकलं की ज्वाला पिवळीधम्मक होते, लोकांना वाटते काही तरी झालं. तो रंग सोडियमचा आहे, काजळी आहे तिथंच राहते. तापलेल्या पत्र्यावर अन् सांध्यांवर मिठाची वाफ बसते अन् ओल आली की तिथूनच खायला लागते. काजळी गार असताना खराट्याच्याच तुराट्या घट्ट बांधून वरून खाली घासून काढा, तोंडाला दुपट्टा बांधा.

एम-सील पाण्याच्या पाइपाला चांगलं, आगीजवळ टिकायला ते बनवलेलंच नाही, वास मारते अन् गळून पडते. पण फटी बुजवा हे म्हणणं लाखाचं आहे, कारण खालच्या दाराला फट असंल तं हवा तिथूनच जाते अन् तुमची झडप फक्त शोभेला उरते. फट शोधायला आग पेटलेली असताना अगरबत्ती दाराच्या कडेनं फिरवा, जिथं धूर आत ओढला जाते तिथं फट. काळी माती चाळून त्यात राखड अन् बारीक कुटार (भुसा) कालवा, तेच बोटानं भरा, भेगा पडल्या तं परत भरा, खर्च शून्य. दाराला दोरी लावायची असंल तं काचेच्या धाग्याची मागा. दुकानात कोणी जुनी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी दाखवली तं नको म्हणा, तिचा भुगा छातीत बसते. केंद्राची निर्धूर चुलीची योजना 1983 ला सुरू झाली अन् 2002 ला बंद, त्यातल्या चुलींचे सिमेंटचे धुराडे अजून काही घरी पडून आहेत, त्यातल्या बऱ्याच पाइपांत हेच अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कापून बंबाला लावायचा विचार असंल तं सोडा.

मिस्त्रीची गरज एकाच ठिकाणी आहे, सांध्यातून पाणी झिरपायला लागलं तं. अन् ते बहुतेक वेळा पाणी न भरता बंब पेटवल्यानं होते, झाळ सुटते. आधी पाणी, मग काडी.

हे सगळं मी साळ्याले फोन करून सांगितलं, अर्धा तास. शेवटी विचारलं का तुया घरचा बंब कितीचा आहे, झडप कुठल्या बाजूनं आहे. म्हणे "भाऊजी, आमच्या घरी गीझर हाय".