सेन्सर भिवंडीत, शिव्या नागपुरात

व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन किती टक्के ते मोजणारा पार्ट, संपणार हे सांगायला ज्योतिषी लागतो का? मी कंपनीचा नागपूरकडचा सर्व्हिस इंजिनिअर. आमच्या मशीनमधल्या सेन्सरमध्ये शिसं असतं, ऑक्सिजन लागला की ते हळूहळू संपत जातं. मशीन बंद असलं तरी साध्या हवेत ते झिजतंच. वर्ष-दोन वर्षांत सेन्सर बदलावाच लागतो. कोणत्या हॉस्पिटलात कधी बसवला, ती तारीख कंपनीच्याच सिस्टिममध्ये पडून आहे. मग चार सेन्सर नागपूरच्या ऑफिसात ठेवायला काय जातं यांच्या बापाचं?

पण नाही, स्टॉक भिवंडीलाच ठेवायचा. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पार आमण्यापर्यंत सुरू झाला, भिवंडीच्या दारात, तरी आमचा पार्ट काही निघत नाही. आधी कोटेशन, मग हॉस्पिटलचा पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), मग रीजनल मॅनेजरचं अप्रूव्हल, अन् मध्ये शनिवार आला की सगळं सोमवारवर.

काल धंतोलीत एका आयसीयूत 21 टक्क्यांचं कॅलिब्रेशन घेतलं, म्हणजे साध्या हवेतल्या ऑक्सिजनवर सेन्सर जुळवून पाहिला. फेल. परत घेतलं, परत फेल. पेशंटला आधीच दुसऱ्या मशीनवर हलवलं होतं म्हणून बरं. इन्चार्ज सिस्टर भडकली, "भाऊ, रात्रभर हा अलार्म म्यूट करत बसलो आम्ही. काऊन नाही आणला सेन्सर?" बरोबर बोलली ती. म्यूट करायची सवय लागली की एक दिवस खरा अलार्मही तसाच म्यूट होतो.

वरून डॉक्टर म्हणतात, एएमसी आहे ना, मग पैसे कशाचे? एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार, त्यात फक्त सर्व्हिस; पार्ट सीएमसीत, म्हणजे पार्टसकटच्या करारात, हे विकतानाच सांगायला नको? ते मी सांगायचं, आयसीयूच्या दारात, नातेवाइकांसमोर. बाहेर आलो तर मॅनेजरचा फोन. डाउनटाइम काऊन वाढला, अन् या महिन्यात सीएमसी किती विकल्या? मी इंजिनिअर आहे हो!

हे काम मला मनापासून आवडतं. गडचिरोलीकडे बेबी वॉर्मर दुरुस्त केला, बाळाचं टेम्परेचर चढत चढत 36.5 वर आलं, त्या समाधानाला तोड नाही. म्हणूनच एका सेन्सरपायी मशीन कोपऱ्यात उभं दिसलं की डोकं फिरतं.

विदर्भातल्या सगळ्या मशीनच्या तारखा काढून मेल केल्या आहेत. येत्या सहा महिन्यांत कोणते सेन्सर जाणार, सगळं त्यात आहे. तेवढा माल नागपूरला पाठवा.